माद्रिदहून दोन दिवसांची सहल: परतीचं तिकीट आधी, बाकी सगळं नंतर

माद्रिदला शिकायला किंवा नोकरीला आलं की महिन्याभरात 'वीकएंड प्लॅन' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतोच. त्यात दोन-तीन आपली माणसं, एखादी कोलंबियन, एखादा मेक्सिकन, वर्गातली एक फ्रेंच मुलगी. आठवडाभर लिंका पडत राहतात, अंगठे वर होतात, आणि शुक्रवारी दुपारी कळतं की रविवार संध्याकाळची गाडी भरली आणि जी उरलीय तिचं तिकीट परवडणारं नाही. मग सगळे मिळून पुन्हा रेतिरो बागेत.

स्पेनमधली छोटी सहल दोन गोष्टींवर तरते किंवा बुडते: रविवारची परतीची गाडी आणि शनिवारचं दुपारचं जेवण. या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. कोणतं म्युझियम, कोणता चौक, सूर्यास्त कुठून बघायचा, हे गाडीत बसल्यावर ठरवलं तरी काही बिघडत नाही. पुढचं सगळं माद्रिद धरून लिहिलंय. देशाच्या मधोमध असल्याने इथून चारी दिशांना रूळ जातात आणि शनिवार-रविवारी जाऊन यायला याच्याइतकी सोयीची जागा स्पेनमध्ये दुसरी नाही.

माणसं किती?

चार. टॅक्सीत चार प्रवासी बसतात, बारमधलं टेबल चौघांचं असतं, दोन खोल्यांत चौघं नीट मावतात. पाचवा आला की दोन टॅक्स्या. सहाच्या वर गेलात तर रात्रीचा मुक्काम डोक्यातून काढा आणि फक्त एका दिवसाची सहल करा, कारण सहा जणांना एकाच वेळी भूक लागत नाही आणि झोपही येत नाही. कोण येतंय ते बुधवारपर्यंत वाट बघत बसू नका. तारीख टाका, "रविवारी रात्रीपर्यंत ज्याचे पैसे येतील तो आला" असं लिहा आणि तिकिटं काढा. थोडं कडक वाटतं, पण 'बघतो', 'सांगतो' म्हणणाऱ्यांसाठी बाकीच्यांनी वाट बघण्यात अर्थ नाही.

शहर निवडताना

दारापासून दारापर्यंत दोन तासांच्या आत पोचता येत असेल तर एका दिवसात जाऊन या. त्याहून लांब असेल तर एक रात्र काढा. नुसता गाडीचा वेळ बघू नका, फसायला तिथेच होतं. सेगोव्हियाचंच बघा. चामार्तीन स्टेशनवरून वेगवान गाडी अर्ध्या तासात पोचवते, पण सेगोव्हिया-गियोमार हे स्टेशन गावाबाहेर माळरानावर आहे. तिथून शहर बस धरून गावातल्या रोमन जलसेतूपाशी यावं लागतं. याउलट माद्रिदच्या मोंक्लोआ बस स्थानकाहून सुटणारी साधी बस सव्वा-दीड तास घेते, पण उतरलात की दहा मिनिटं चालून जलसेतूखाली. घरापासून मोजलं तर दोन्हींत फारसा फरक उरत नाही आणि बस स्वस्त पडते. क्वेंकाचंही तसंच: फेर्नान्दो सोबेल स्टेशन शहरापासून दूर, पुढे बस. (स्टेशनला ज्या चित्रकाराचं नाव दिलंय त्यानेच दरीवर लटकणाऱ्या घरांमध्ये 1966 मध्ये अमूर्त चित्रांचं म्युझियम उभं केलं. क्वेंकाला जायला तेवढं कारण पुरतं.)

तोलेदो मात्र पहिल्या सहलीसाठी बिनधास्त घ्या. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुणेकराला लोणावळा. आतोचा स्टेशनहून 'आवांत' ही कमी पल्ल्याची वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत पोचते. प्लासा एलिप्तिकाहून बस दिवसभर सुटत असतात, त्यामुळे गाडी भरली तरी सहल रद्द करायची वेळ येत नाही. गाव टेकडीवर आहे. पण चढायला सरकते जिने केलेत, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि ते उन्हात धापा टाकत वर जातात. सान्तो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं 'कोंदे दे ओर्गास'च्या दफनाचं चित्र बघा, बदामाचं माझापान खा आणि संध्याकाळी नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हाये या कठड्यावर जा. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

महिनाअखेरीला खिसा रिकामा असेल तर अल्काला दे एनारेस. 'डॉन किहोते'चा लेखक सर्व्हान्तेस 1547 मध्ये जन्मला ते गाव. सेर्कानियास म्हणजे इथली लोकल, आणि सव्वीस वर्षांखालच्यांच्या मासिक पासात ती धरलेलीच असते. वर तिथल्या बऱ्याच बारमध्ये पेयासोबत एक खायचा पदार्थ फुकट येतो. आरान्हुएस आणि एल एस्कोरियालही त्याच पासात होतात.

एक रात्र काढायची असेल तर कॉर्दोबा, व्हालेन्सिया, सालामान्का, सारागोसा. ग्रानादा सगळ्यांना आधी हवं असतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त घेते आणि आल्हाम्ब्राची, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्या-राजवाड्याची, तिकिटं नावानिशी असतात, आतल्या नास्रिद महालांसाठी ठरलेली वेळ असते, ओळखपत्र बघतात, आणि सुट्टीच्या काळात ती कितीतरी आधी संपतात. तेव्हा ग्रानादाला क्रम उलटा: आधी आल्हाम्ब्राचं तिकीट, मग गाडी, मग मित्र.

तारीख

सलग सुट्ट्यांना इथे 'पुएन्ते' म्हणतात. 12 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, आणि सगळ्यात मोठा 6 व 8 डिसेंबरचा. त्या दिवसांत अख्खं माद्रिद शहराबाहेर पडतं. तेव्हा तुम्ही माद्रिदमध्येच थांबून प्रादो म्युझियमला जा, सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 तिथे प्रवेश फुकट असतो. उत्सव गाठायचा असेल तर तो जाणूनबुजून गाठा: व्हालेन्सियाचे फायास म्हणजे भलेमोठे पुतळे 19 मार्चच्या रात्री जाळतात, कॉर्दोबाची फुलांनी सजवलेली अंगणं मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडतात. अशा वेळी राहायची जागा तीन-चार महिने आधी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कॉर्दोबा-सेव्हिया नको. पारा चाळिशीच्या वर असतो आणि विदर्भातून आलेल्या माणसाचीही ती दुपार बाहेर काढायची इच्छा होत नाही. डिसेंबर-जानेवारीत आव्हिला आणि सेगोव्हियाला जाणार असाल तर माद्रिदला पुरणारं जॅकेट तिथे पुरत नाही.

तिकिटं: उलट्या बाजूने काढा

लांबच्या वेगवान गाड्या आता तीन कंपन्यांच्या आहेत: रेन्फे (तिच्याच आवे आणि स्वस्तातली आव्लो), 2021 पासून वीगो आणि 2022 च्या अखेरीपासून इर्यो. दर विमानासारखे वरखाली होतात. शनिवारी सकाळी जायच्या गाड्या सहसा मिळतात. मारामारी असते ती रविवारी संध्याकाळी पाच ते नऊच्या दरम्यान परतणाऱ्या गाड्यांची. म्हणून आधी परतीची निवडा. ती दुपारी तीनची स्वस्तात मिळत असेल आणि सातची दुप्पट दरात, तर तीनची घेऊन शुक्रवारी रात्रीच निघा. वेळ तेवढाच मिळतो, तिकिटाचे पैसे वाचतात. जाताना एका कंपनीची आणि येताना दुसरीची गाडी घेतली तरी काही अडत नाही. फक्त स्टेशन तपासा: चामार्तीन आणि आतोचा ही शहराची दोन टोकं आहेत.

आवांत गाड्यांचे दर ठरलेले असतात, रोज बदलत नाहीत, त्यामुळे लवकर काढून सवलत मिळत नाही. तरीही शनिवार सकाळची तोलेदोची गाडी भरते. जायचं आणि यायचं एकदम काढलं तर स्वस्त पडतं.

आता नावाचा घोळ. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. स्पॅनिश फॉर्म मात्र नाव, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव असे तीन रकाने मागतो. वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात घालू नका. ओळखपत्राचा प्रकार 'पासपोर्ट' किंवा 'एनआयई' (परदेशी माणसाचा इथला ओळख क्रमांक) निवडा, गिव्हन नेम जसंच्या तसं नावात, आडनाव पहिल्या रकान्यात, दुसरा रिकामा सोडा. ग्रुपमध्ये एकदाच सगळ्यांकडून नाव, आडनाव आणि क्रमांक मागून घ्या आणि जपून ठेवा. दरवेळी "अरे तुझा नंबर पाठव" करत बसायला नको.

रेन्फेच्या लांब पल्ल्याच्या तिकिटावर सेर्कानियासचा एक कोडही येतो. तो वापरून घरापासून आतोचापर्यंत आणि पलीकडच्या शहरात लोकल असेल तर तिथेही फुकट जाता येतं. पास नसलेल्या मित्रांना हे सांगा, बहुतेकांनी तो कोड कधी उघडलेलाच नसतो.

वेगवान गाड्यांना विमानतळासारखी बॅगांची तपासणी असते आणि गाडी सुटायच्या थोडं आधी दार बंद होतं. पळत जाऊन डबा पकडायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. अर्धा तास आधी भेटायचं ठरवा, आणि भेटायची जागा 'आतोचा' एवढीच लिहू नका. जुन्या इमारतीतल्या उष्ण कटिबंधी झाडांच्या बागेपाशी, असं नेमकं लिहा.

राहायचं कुठे

'ओस्ताल' आणि 'होस्टेल' यांत गल्लत करू नका. ओस्ताल म्हणजे घरगुती लॉज: स्वतंत्र खोली, बहुतेकदा स्वतःची न्हाणी, जुन्या गावाच्या पोटात. चौघांसाठी दोन डबल खोल्या घेतल्या तर होस्टेलच्या बंकपेक्षा थोडंच महाग पडतं आणि झोप मिळते. बुकिंग करताना आतल्या बाजूची, म्हणजे 'इंतेरियोर' खोली मागा. रस्त्याकडच्या सज्जाचा फोटो फार छान दिसतो, पण शनिवारी रात्री दोन वाजता त्याच सज्जाखाली पंधरा जणांचा घोळका हसत उभा असतो. अपार्टमेंट घ्यायचं तर किल्ली किती वाजेपर्यंत मिळते आणि रविवारी खोली सोडल्यावर बॅगा कुठे ठेवायच्या, हे आधी विचारा. मोठ्या स्टेशनांवर 'कोन्सिग्ना' म्हणजे सामानाचे लॉकर असतात.

राहायच्या जागी सगळ्यांची ओळखपत्रं नोंदवतात, तो इथला कायदा आहे. प्रत्येकाने मूळ पासपोर्ट किंवा टीआयई म्हणजे परदेशी रहिवाशाचं कार्ड जवळ ठेवावं. कार्ड अजून हातात आलेलं नसेल आणि व्हिसाची मुदत संपलेली असेल तर तूर्त स्पेनमधल्याच सहली करा. त्या काळात बाहेर जाऊन परत यायचं तर 'आउतोरिसासियोन दे रेग्रेसो' हा परतीचा परवाना लागतो. कार्ड आलं की पोर्तुगालसह शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं.

पैसे

स्पॅनिश मित्रमंडळी 'बोते' करतात आणि ती पद्धत मला सगळ्यांत पटते. निघताना प्रत्येकाने समान रक्कम एका पाकिटात टाकायची, पाकीट एकाकडे, आणि कॉफी, टॅक्सी, टापास (बारमधले छोट्या बशांतले पदार्थ), बसभाडं सगळं त्यातून. कोणी दोन बिअर प्यायलं आणि कोणी लिंबूपाणी, याचा हिशेब होत नाही. झाला तर ती सहल राहत नाही. गाड्या आणि खोल्यांसारखे मोठे खर्च मात्र स्प्लिटवाइज या हिशेबाच्या ॲपवर घाला आणि बिझूमने मिटवा. बिझूम म्हणजे इथलं यूपीआय. त्यासाठी स्पॅनिश बँकेत खातं लागतं, तेव्हा नवीन आलेल्या मित्राकडून रोख घ्यावी लागते.

जेवण, म्हणजे खरी गोष्ट

दुपारचं जेवण दोन ते चार. साडेचारला गेलात तर स्वयंपाकघर बंद आणि संध्याकाळी साडेआठ-नऊपर्यंत चिप्सच्या पाकिटावर. आपल्याला बारा वाजता भूक लागते आणि सात वाजता पोटात कावळे ओरडतात. म्हणून दिवसाची मांडणीच बदला. सकाळी नऊला पोटभर नाश्ता, दोनला भरपूर जेवण, सहा-सातला 'मेरिएन्दा' म्हणजे चुरोस-चॉकलेट किंवा सँडविच, आणि रात्री साडेनऊनंतर दोन-तीन टापास. शनिवारी दोनच्या टेबलाचं आरक्षण सकाळीच फोन करून टाका. सगळ्यात बरं स्पॅनिश बोलणाऱ्याला ते काम द्या. "चौघांसाठी, सव्वादोनला, नाव अमुक" एवढंच बोलायचं असतं.

'मेनू देल दीया' म्हणजे पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी असं ठरलेल्या किमतीचं ताट. ते मुख्यतः सोमवार ते शुक्रवार मिळतं. शनिवारी तेच महाग होतं किंवा नसतंच. शनिवारी म्हणून 'रासियोनेस', म्हणजे मोठ्या बशा, मध्ये ठेवून वाटून खाणं स्वस्त पडतं. पाण्यासाठी 'आग्वा देल ग्रिफो' म्हणजे नळाचं पाणी मागा. 2022 च्या कायद्याने हॉटेलांना ते फुकट द्यावं लागतं.

शाकाहारी मंडळींसाठी हा भाग नीट वाचण्यासारखा आहे. 'वेहेतारियानो' म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि ट्यूना घातलेलं सॅलड आणून ठेवतो. मासा म्हणजे मांस नव्हे, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत आहे. हॅमचे तुकडे तर त्यांच्या हिशेबी चवीपुरते. त्यामुळे नकार पदार्थागणिक द्या: सिन कार्ने (मांस नको), सिन हामोन (हॅम नको), सिन आतून (ट्यूना नको), सिन चोरीसो (डुकराचं सॉसेज नको). मसुराची आमटी, म्हणजे लेन्तेहास, दिसायला आपली पण तिच्यात बहुतेकदा चोरीसो असतो. सूप मांसाच्या रश्श्यावर केलेलं असू शकतं, "काल्दो कशाचा?" असं विचारा. क्रोकेतासमध्ये बहुधा हॅम. पोल्व्होरोन आणि मान्तेकादो या नाताळातल्या मिठायांत डुकराची चरबी असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. गोमांस टाळणाऱ्यांनी मेनूवर 'तेर्नेरा' आणि 'व्हाका' हे दोन शब्द ओळखून ठेवावेत.

आता जे बिनधास्त खाता येतं ते. सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल चोळलेला भाजका पाव, सगळ्या स्पेनमध्ये मिळतो आणि रोज खाल्ला तरी कंटाळा येत नाही. बटाट्याचं तोर्तिया म्हणजे जाड आमलेट (अंडं चालत असेल तर), पादरोनच्या मिरच्या, ला मांचाकडचं पिस्तो म्हणजे टोमॅटो-ढोबळी मिरचीची मऊ भाजी, सेव्हियाचा पालक-छोले, कॉर्दोबाची काकवी घातलेली तळलेली वांगी. पादरोनच्या ताटलीत दहातली एखादीच मिरची तिखट निघते, त्यावरून टेबलावर पैजा लागतात. आपल्या लोकांना ती तिखट एकही लागत नाही, हा वेगळा मुद्दा. सेगोव्हियात शाकाहारी माणसाचे हाल होतात, गावाची ओळखच भाजलेल्या डुकराच्या पिल्लावर. तिथे जाताना डबा न्या. थेपले, दशम्या, कोरडी चटणी. जलसेतूजवळच्या पायऱ्यांवर बसून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही.

शनिवारी संध्याकाळीच रविवारचं पाणी, फळं, बिस्किटं घेऊन ठेवा. माद्रिदमध्ये दुकानं रविवारी उघडी असतात म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण बाकीच्या बहुतेक शहरांत रविवारी सुपरमार्केट बंद.

कॉर्दोबाचा नमुना

वर सांगितलेलं सगळं एका शहरावर लावून बघू. कॉर्दोबाची मशीद-कॅथेड्रल सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट बघता येते. त्यासाठी शनिवारी सकाळी माद्रिदहून निघून भागत नाही, शुक्रवार संध्याकाळची गाडी घ्यावी लागते. एका रात्रीचं भाडं वाढतं, पण चौघांची तिकिटं वाचतात. आणि तो तास पैशांत मोजण्यासारखा नाही. आत गर्दी नसते, दिवे मंद असतात, आठशेहून जास्त खांबांमधून चालताना लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी एकामागून एक सरकत राहतात आणि मध्येच अचानक छत उंच होतं: सोळाव्या शतकात मशिदीच्या पोटात बांधलेलं कॅथेड्रल. कॉर्दोबाचा अमीर पहिला अब्द अल-रहमान याने 785 च्या सुमारास सुरू केलेल्या इमारतीवर पुढे दोन शतकं भर पडत गेली. खांबांचे दगड आणि त्यांची डोकी बघत चला, एकासारखं दुसरं नाही. पुष्कळसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत.

साडेनऊच्या सुमारास बाहेर पडा, नाश्ता करा. मग यहुदी वस्तीच्या गल्ल्या, नाहीतर व्हियाना वाड्याची बारा अंगणं. दोन्ही एकाच सकाळी करू नका. दोनला जेवण: साल्मोरेहो, म्हणजे टोमॅटो-पावाचं घट्ट थंड सूप, त्यावर अंडं आणि हॅम पेरतात, 'सिन हामोन' म्हणा. त्यानंतर खोलीवर जाऊन झोपा. खरंच झोपा. तीन ते सहा गाव बंदच असतं आणि न झोपलेला माणूस रात्री अकराला टेबलावर पेंगतो. मशिदीच्या भिंतीसमोर बार सांतोस आहे, तिथल्या वीतभर जाडीच्या तोर्तियाचा तुकडा घेऊन लोक बाहेर कट्ट्यावर उभ्याने खातात. मेरिएन्दा तिथे. सूर्य कलला की रोमन पुलावर.

रविवारी सकाळी मशिदीत मिस्सा असते, तेव्हा तिकडे फिरकू नका. त्याऐवजी शहराबाहेरचं मेदिना आसाहारा, दहाव्या शतकातल्या खलिफाच्या राजधानीचे अवशेष. बस ठरलेल्या वेळीच सुटते, तिची जागा आदल्या दिवशी घ्या. रविवारी दुपारी तीनपर्यंतच उघडं असतं. परत येऊन उशिरा जेवा आणि स्टेशनवर जा. जुन्या गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटं.

गाडीत बसल्यावर बोतेचं पाकीट उघडा. उरलेलं वाटून टाका, स्प्लिटवाइजवरचे आकडे तिथेच सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि ज्याचं देणं असेल त्याला आतोचा यायच्या आत बिझूम करायला लावा. पावणेदोन तासांचा प्रवास असतो, वेळ भरपूर मिळतो.